सांगणारी आणि आडवी

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. आमच्या संग्रहालयाचे साहेब फुकट चहा कुणाला पाजत नाहीत.

काम असं. महिनाअखेरीला 'डोंगर दालन' उघडायचंय. डोंगरावरच्या लोकांच्या घोंगड्या, लाकडी भांडी, शेळ्यांच्या घंटा, सगळं काचेआड लागलंय. पाट्या मी लिहिल्यात, त्यामुळे चूक नाही. पण दालन मुकं आहे. साहेबांना त्या लोकांची 'चढणीची गोष्ट' हवी आहे, म्हणजे ते डोंगरावर कधी, कसे आणि का गेले ती. बटण दाबलं की आवाज आला पाहिजे म्हणे. ही गोष्ट आता एकाच म्हातारीला अख्खी येते. तिला सगळे थोरली म्हणतात. तिला दम्यानं घेरलंय, आणि ती गेली की गोष्टही गेली. आधी पाठवलेले दोघं हात हलवत परत आले. थोरली उकडलेले बटाटे खायला घालते, हवापाण्याचं बोलते आणि गोष्टीचं नाव काढलं की डोळे मिटून घेते.

"तुम्ही जा. तुम्ही चिकाटीच्या आहात," साहेब म्हणाले.

"चिकाटी नाही साहेब. मला चुकीचं ऐकवत नाही, एवढंच."

"तेच ते. फक्त तिकडे गेल्यावर तोंड जरा..." असं म्हणून त्यांनी हवेत काहीतरी आवळून दाखवलं.

घरी वहिनीनं इतक्या उत्साहात माझी बॅग भरली की मला संशय आला. दादा म्हणाला, "डोंगरावर तरी कुणाशी वाद घालू नकोस." मी म्हटलं, मी वाद घालतच नाही. यावर दोघंही हसले. यांच्या मते माझं लग्न या स्वभावापायी मोडलं. खोटं आहे. होणारे सासरे म्हणाले की आमच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, आणि मी त्यांना खिडकी पश्चिमेला आहे हे उठून दाखवलं. ऊन मावळतीचं होतं, त्यात माझा काय दोष?

गुरुवार, ७ मार्च

पोचले. हाडं खिळखिळी झाली. बस जिथे संपते तिथून वर खेचर. खेचरवाला अबोल दिसला म्हणून बरं वाटलं, तर वळणावर म्हणाला, "आमचं खेचर आजवर एकदाही घसरलेलं नाही." त्याच क्षणी ते घसरलं. मी म्हटलं, "हे काय झालं मग?" तर म्हणतो, "हे बसलं." मी त्याला अर्धा डोंगर चढेस्तोवर घसरणं आणि बसणं यातला फरक समजावला. तो मान डोलवत ऐकत होता. वर पोचल्यावर त्यानं माझी बॅग स्वतः घरात नेऊन ठेवली आणि थोरलीच्या कानात काहीतरी पुटपुटला. भाडं जास्त मागणार असेल.

घर दगडी, छप्पर पाटीच्या दगडाचं, आत धुरानं काळी झालेली तुळई. चुलीशी थोरलीची सून. भिंतीला टेकून थोरली, अंगावर घोंगडी, डोळे मात्र लखलखीत. बोलणं आपल्यासारखंच, फक्त वाक्याचा शेवट लांबवतात. वहिनीची आई बोलते तसंच.

गोष्ट का सांगत नाहीत हे मी सरळ सूनबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, एकट्यानं सांगायची नसते ती. एक सांगणारी लागते आणि एक आडवी. सांगणारीनं वाक्य टाकायचं, आडवीनं ते अडवायचं. म्हणायचं, छे, खोटं, असं झालंच नाही. मग सांगणारीनं नीट सांगायचं. आडवी नसेल तर गोष्ट गोष्ट नसते, ती बढाई असते. आत्याबाईंच्या आडव्या म्हणजे त्यांच्या धाकट्या जाऊबाई. अख्खा जन्म दोघी भांडल्या. गेल्या हिवाळ्यात धाकट्या गेल्या. तेव्हापासून गोष्ट बंद आहे."

मी म्हटलं, "असं कसं? इतिहास काय भांडून सांगतात? इतिहासाला पुरावा लागतो. तुमचं काहीतरी चुकतंय."

सूनबाईंनी सासूकडे पाहिलं. सासूनं डोळे किलकिले केले. मग सूनबाईंनी न मागता माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

शुक्रवार, ८ मार्च

या लोकांना झालंय तरी काय? सकाळपासून दाराशी रांग. बरं, कामाचं कुणीच नाही. दुकानदार आला आणि म्हणाला, "या डोंगरात मीठ उगवतं." मी म्हटलं, "मग तुम्ही खालून पोती कशाला आणता? काल माझ्याच पुढच्या खेचरावर होती." तो खूश होऊन निघून गेला. मग एक बाई आली. म्हणे आमच्या घोंगडीवरचे लाल पट्टे म्हणजे उगवता सूर्य. मी म्हटलं, संग्रहालयात तुमच्याच गावच्या घोंगड्या आहेत, पट्टे कुठे लाल, कुठे हिरवे, कुठे नाहीतच. हाताला जो रंग लागला तो तुम्ही घातला, सूर्याला कशाला मधे घेता? ती तोंडाला पदर लावून हसली आणि मला लोकरीचे मोजे देऊन गेली. मोजे चांगले आहेत. पण एवढं अडाणीपण?

संध्याकाळी शाळेचे मास्तर आले. म्हणाले, "आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही." आणि शिंकले. मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. थोरली कोपऱ्यातून म्हणाली, "बघणंही धाकटीसारखंच." म्हाताऱ्या माणसांना जो तो कुणासारखातरी दिसतो. माझे डोळे माझ्या आईवर गेलेत.

रविवार, १० मार्च

हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली मी नाही. आडवी हवी ना? शोधून देते. एकदा आडवी मिळाली की थोरली सांगेल, मी रेकॉर्ड करीन आणि सुटेन.

आधी मास्तरांना बसवलं. थोरलीनं वाक्य टाकलं, "आमचे पूर्वज सोन्याच्या ताटात जेवायचे." मास्तर म्हणाले, "असतीलही." गेले बाद. मग दुकानदार. तो प्रत्येक वाक्याला "खोटं" म्हणत होता, पण थोरलीनं नुसतं वळून बघितलं की "म्हणजे, तुम्ही म्हणता तर" असं पुढे जोडायचा. खेचरवाल्याला विचारलं तर तो हसतच सुटला.

"तुम्ही गावानं बसून एकीला नेमत का नाही?" मी वैतागून त्याला म्हटलं.

"नेमायचं नसतं, ताई. विचारायचंही नसतं. आता बघा, मी कुणाला विचारलं, होतेस का आडवी, आणि ती म्हणाली 'बरं', तर ती कसली आडवी? पहिल्याच वाक्याला पडली की! आणि 'नाही' म्हणाली तर विषयच संपला. म्हणून आपण गप्प बसायचं आणि वाट बघायची."

"हा मूर्खपणा आहे. असं वाट बघत कधी कुणी मिळतं का?"

"नाही ना मिळत?" तो म्हणाला.

"मुळीच नाही."

त्याचा चेहरा इतका फुलला की मला काळजी वाटली. उंचीवर हवा विरळ असते, डोक्यावर परिणाम होत असेल. थोरलीला मात्र आज धाप जास्त लागली. सूनबाई पाठ चोळत होत्या. गोष्टीला फार दिवस नाहीत हे सगळ्यांना कळतंय, आणि हे लोक मला मोजे देताहेत. काय म्हणावं?

बुधवार, १३ मार्च

आज सगळं मुसळ केरात. आणि माझ्याच हातानं.

दुपारी थोरली आपणहून म्हणाली, "लाव तुझं यंत्र." मी घाईघाईनं रेकॉर्डर लावला. घर भरून गेलं, दारात उभं राहायलाही जागा नव्हती. थोरलीनं सुरुवात केली, "राजाचं सैन्य आलं. आम्ही भाल्यांनी लढलो."

मी गप्प बसणार होते. शपथेवर सांगते. पण भाले?

"आजी, भाले कुठले? शेळ्या राखणारी माणसं तुम्ही. दालनात तुमच्याकडच्या वस्तू आहेत, त्यात एक भाला नाही. कुऱ्हाडी आहेत, त्याही लाकडं तोडायच्या."

"बरं, कुऱ्हाडींनी लढलो."

"घोड्यावरच्या शिपायांशी?"

थोरली थांबली. सगळं घर थांबलं. मग ती म्हणाली, "बरं बाई, पळालो."

आणि लोक! मला वाटलं आता मला बाहेर काढतात. तर एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "पळालो. खरंय." जणू पंगतीत शेवटी त्याच्यापर्यंत वाढप आलं. थोरलीच्या अंगात तर वारं शिरलं. राजानं जमीन मागितली, म्हणाली. मी म्हटलं, राजाची जमीन, तो मागेल कशाला? तेव्हा म्हणाली, माणसं मागितली, भिंत बांधायला, आणि भिंतीवर गेलेला परत येत नव्हता. मी म्हटलं, हे आधीच का नाही सांगितलंत? ती म्हणाली, कारण तू आधी विचारलं नाहीस. अशी आमची जुंपली ती जुंपलीच. मी उठून उभी राहिले होते म्हणे. मला आठवत नाही. नदीपाशी गोष्ट आली आणि तिला खोकल्याची उबळ आली, तिथेच थांबवावं लागलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर रेकॉर्डिंग ऐकलं. जिकडे तिकडे माझाच आवाज. साहेब मला फाडून खातील.

गुरुवार, १४ मार्च

दुकानातल्या फोनवरून साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा आवाज ऐकायला लोक तिकीट काढणार आहेत का? पुन्हा घ्या. आणि तोंडात बोळा घाला हवं तर."

घातला. खरंच. रुमालाची घडी करून दातात धरली आणि थोरलीला हातानंच खूण केली, सांगा. तिनं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सांगायला लागली. सैन्य आलं. भाल्यांनी लढलो. (रुमाल.) राजाला हरवलं. (रुमाल, रुमाल.) प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. काल भरलेलं घर आज हळूहळू रिकामं होत गेलं, एकेक जण उठून शेळ्यांकडे गेला. शेवटी म्हणाली, "नदी ओलांडली आणि मग सगळे वर आले." इथे ती फारच वेळ थांबली. चुलीवरचं पाणी उकळून आटायला आलं. मी रुमाल आणखी घट्ट धरला.

"संपलं," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दमली असणार. रेकॉर्डिंग मात्र एकदम स्वच्छ आलंय. काम फत्ते झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. उलट सारखं काहीतरी खुपतंय. रुमाल जाड होता, जबडा दुखतोय, त्याचंच असेल.

सोमवार, २५ मार्च

साहेब खूश. दालनाच्या दारावरची पाटी त्यांनी स्वतः लिहिलीय: 'हे अलिप्त लोक कोण, कुठले, आपल्याशी त्यांचे नाते काय, हे कोणालाही ठाऊक नाही.' मी म्हटलं, कोणालाही ठाऊक नाही हे आपल्याला कसं ठाऊक? त्यांनी मला उद्घाटनाच्या दिवशी चहाच्या टेबलामागे उभं राहायचं काम दिलं.

आज खेचरवाला आमच्या घरी निरोप घेऊन आला. थोरली उद्घाटनाला येणार! जन्मात कधी डोंगर उतरली नाही, त्यात छातीचा भाता फुटायला आलेला. मी म्हटलं, "वेडेपणा करू नका. तिला ऐकायचंच असेल तर मी रेकॉर्डिंग वर पाठवते."

"ती ऐकायला नाही येत. अर्धं राहिलंय ते करायला येतेय."

"अर्धं काय राहिलंय? सगळं रेकॉर्ड झालंय."

तो म्हणाला, "असेल बुवा," आणि वहिनीनं दिलेला चहा फुंकत पीत बसला. वहिनीशी त्याचं मस्त जमलं. दोघं मिळून माझ्याकडे बघून हसत होते, कशाला ते देव जाणे.

शनिवार, ३० मार्च

रात्र फार झालीय. पण आजचं आजच लिहायला हवं.

दालन माणसांनी फुललेलं. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, मागे भिंतीला लागून डोंगरावरची मंडळी उभी. थोरलीला मधोमध बसवलेलं, दिसायला चिमणीएवढी. मी चहाच्या टेबलामागे. साहेबांनी भाषण केलं, अलिप्त, गूढ वगैरे. मग बटण दाबलं.

थोरलीचा आवाज घुमला. भाल्यांनी लढलो, राजाला हरवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरावरची मंडळी काचेतल्या घंटांसारखी गप्प. आणि खरी थोरली खुर्चीत मान खाली घालून बसलेली, जणू दुसऱ्याच कुणाचं ऐकतेय. यंत्र म्हणालं, "आणि मग सगळे वर आले."

डोंगरावरच्या एकूण एक माणसानं वळून माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं. ओठांवर बोट ठेवून.

मी काय करू? इतके दिवस तेच खुपत होतं ना! "सगळे?" मी म्हटलं. "सगळे कसे येतील?"

थोरलीची मान ताडकन वर आली. "आले! सगळे आले!"

"बाळंतीण आली? पाय मोडलेला आला?"

"उचलून आणले!"

"आणि ज्याला यायचंच नव्हतं तो? त्यालाही उचललंत?"

साहेब माझ्या दिशेनं निघाले, पण मधे खेचरवाला उभा राहिला. अगदी सहज, खेचर बसतं तसा. मी टेबलाला वळसा घालून पुढे गेले होते. "खोटं बोलू नका आजी! घर, विहीर, पेरलेलं शेत सोडून त्या कड्यावर जायला सगळे तयार होते? कुणीच 'नाही' म्हणालं नाही? मी असते तर गेले नसते! राजा आला असता तर त्याच्याशी दारात उभी राहून भांडले असते, पण गेले नसते!"

थोरली खुर्चीला धरून उठली. धाप नव्हती, खोकला नव्हता. सगळ्या दालनात तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"नव्हतीसच आलीस तू."

मला कळलं नाही. कुठे आले नव्हते? मी तर तिच्या समोरच उभी होते.

मग तिनं सांगितलं. नदीवर दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली बहीण म्हणाली, चला. धाकटी म्हणाली, नाही. थोरलीनं पाया पडून विनवलं, धाकटी म्हणाली, हे चूक आहे, तुम्ही पळताय, मी माझ्या दारातून हलणार नाही. अर्धे थोरलीबरोबर वर गेले, अर्धे धाकटीबरोबर खाली राहिले. धाकटीचं पुढे काय झालं ते वरच्यांना कधीच कळलं नाही. ती असती तर काय म्हणाली असती, तेवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हणून गोष्ट सांगताना कुणीतरी धाकटीच्या बाजूनं 'नाही' म्हणायचं, तिची जागा रिकामी ठेवायची नाही.

"राहिली होती ती," थोरली माझा हात चाचपत म्हणाली. मग पाहुण्यांकडे, साहेबांकडे, टेबलावरच्या कपबशांकडे बोट फिरवलं. "एवढी वाढली की खाली!"

दादा मागे उभा होता. रडत होता. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला होता आणि तिची आई बोलते तशा लांबवलेल्या शेवटांनी शेजारणीला म्हणत होती, "अगं बाई, म्हणजे हे आपलेच की..." साहेब दारावरची पाटी उतरवायला स्टूल शोधत होते.

रविवार, ३१ मार्च

थोरली रात्री आमच्याकडेच झोपली, माझ्या खोलीत. सकाळी वहिनीच्या हातचा चहा पिऊन म्हणाली, "तुझी वहिनी फार गोड स्वभावाची आहे. काहीही सांगा, हो म्हणते. काही उपयोगाची नाही." वहिनीला ते कौतुक वाटलं.

बसस्टँडवर दादानं तिला उचलून खिडकीशी बसवलं. धाप पुन्हा लागली होती. मी घोंगडी नीट करत होते तर माझं मनगट धरून म्हणाली, "पोरी, गोष्ट झाली. आता मी फार दिवसांची नाही."

"कोण म्हणतं? काहीतरीच बोलताय," मी म्हटलं. "अजून नदीपासून वरची चढण कुठे सांगितलीत? त्यातही नक्की शंभर थापा असणार. मी पुढच्या महिन्यात येतेय, तोपर्यंत तुम्हाला कुठेही जाता येणार नाही."

"जाईन," ती म्हणाली.

"नाही जाणार."

बस हलली तरी आमचं चालूच होतं. ती खिडकीतून "जाईन, जाईन" म्हणत होती आणि हसत होती, इतकं की खेचरवाल्याला तिला धरावं लागलं. मी बसबरोबर थोडी पळालेसुद्धा. दादा म्हणाला, अगं, किती जीव जडलाय तुझा तिच्यावर. जीवबीव काही नाही. चुकीचं बोलत होती, मी दुरुस्त केलं.